शनिवारची सयामा आणि उलटी प्रदक्षिणा

पथेइन या ब्रह्मी गावात कुणाला वय विचारलं तर तो एखाद-दोन वर्षं चोरेल, पण जन्मवार चोरणार नाही. चोरून उपयोगही नाही, कारण तो नावातच असतो. वारावरून नावाचं अक्षर, वारावरून ग्रह आणि ग्रहावरून पॅगोड्यातला कोपरा. मंगळवारच्यांनी मंगळाच्या कोपऱ्यात पाणी घालायचं, शुक्रवारच्यांनी शुक्राच्या. तिन न्युंट ही शनिवारची. म्हणजे नैऋत्येचा कोपरा, नागाचं चिन्ह, आणि स्वभावाचं तर विचारूच नका.

निदान गाव तरी तसंच म्हणायचं. लहानपणी तिच्या हातून वाटी फुटली की शनी. ती परीक्षेत पहिली आली तरी शनीच, कारण हट्टी पोरगी, पेटली असेल हट्टाला. तिची आई लवकर गेली, तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बायका हळू आवाजात तेच बोलल्या, आणि पोरीने ते ऐकलं. ते तिला फार खोल लागलं. त्यानंतर कितीतरी महिने ती शनीच्या कोपऱ्यात पाणी घालताना मनातल्या मनात विचारायची, मी तुझं काय घोडं मारलंय रे बाबा?

मग सातवीच्या पुस्तकात तिला एक चित्र दिसलं. मध्ये सूर्य, भोवती एकाबाहेर एक वाटा, आणि त्या वाटांवर ग्रह. शनी पार लांब, कमरेला कडं घालून, आपल्या वाटेने निघालेला. खाली लिहिलं होतं की सूर्याभोवतीची एक फेरी पुरी करायला त्याला जवळजवळ तीस वर्षं लागतात. तिने ते पुन्हा वाचलं. ज्याला स्वतःची एक फेरी उरकायला तीस वर्षं लागतात, त्याला पथेइनमधल्या एका पोरीच्या स्वयंपाकघरात येऊन वाट्या फोडायला सवड कुठली? तिला एवढं हलकं वाटलं की ती भर वर्गात खदखदून हसली आणि मास्तरांनी तिला बाकावर उभं केलं. हे मात्र शनीने नव्हे, मास्तरांनी केलं, एवढं तिला त्या दिवशी नीट कळलं.

त्या एका हसण्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य काढलं. ती विज्ञान शिकवणारी बाई झाली, म्हणजे सयामा. गालाला थनाखाच्या सालीचा लेप, अंबाड्यात एक फूल आणि हातात पट्टी, अशी ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरचा हलवा आपोआप पिशवीत जायचा. बाकी विषय ती शिकवायची, पण ग्रहांचा धडा आला की तिच्या अंगात यायचं. "ते तुमच्याभोवती फिरत नाहीत रे! तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. सूर्य ओढतो आणि ते पळतात, बस्स." पोरं माना डोलवायची आणि परीक्षेच्या सकाळी आपापल्या कोपऱ्यात दोन पेले जास्त पाणी घालून यायची.

आता समोरच्या छत्रीवाल्याचं सांगायला हवं, नाहीतर गोष्ट लंगडी राहील. बा म्याइंग, सयामाच्या तोंडी को म्याइंग, हा गुरुवारचा. सयामाच्या घरासमोरच त्याचा छत्र्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक ओटा, बांबूच्या काड्यांचे भारे आणि अंगणात वाळत घातलेल्या रंगीत छत्र्या. तरुणपणी या दोघांचं जमलं होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मग त्याच्या आईने ज्योतिषाला विचारलं. ज्योतिषी म्हणाला, गुरुवार आणि शनिवार, छे छे! आईने अंथरूण धरलं, आणि बा म्याइंग मूग गिळून बसला. तिन न्युंटला शनीचा राग आला नाही. शनी कुठे फिरतो हे तिला माहीत होतं. तिला राग आला तो समोरच्या ओट्यावर खाली मान घालून बांबू तासणाऱ्या माणसाचा, आणि तो तिने बरीच वर्षं राखून वापरला.

त्यानेही दुसऱ्या कुणाशी लग्न केलं नाही. आई गेल्यावर तो रोज सकाळी चहाचा डबा घेऊन रस्ता ओलांडायला लागला, आणि दोघं भांडत चहा प्यायला लागले.

"मला एक सांग," तो एकदा म्हणाला, "सूर्य एवढा ओढतो, तर हे ग्रह त्याच्यावर पडत कसे नाहीत?"

"पडतातच की. सारखे पडतच असतात. पण पडता पडता बाजूला इतक्या जोरात पळतात की दर वेळी नेम चुकतो. म्हणून फिरत राहतात."

"म्हणजे माझ्यासारखंच. जन्मभर पडतोय आणि चुकतोय."

"तू पळालास कधी? तू तर बसूनच आहेस," ती म्हणाली, आणि त्याने चहा संपवला.

तर सयामाच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. तिच्या मनात एकच होतं. निवृत्त व्हायच्या आधी एकदा तरी पोरांनी हे पायांनी शिकावं. डोक्यात घातलेलं गळून जातं, पायात घातलेलं राहतं, असं तिचं मत. मोहल्ल्यातल्या लहान पॅगोड्याचं आवार चांगलं गोल होतं. पॅगोडा म्हणजे सूर्य, आवारात सुतळीने आखलेल्या वाटा, आणि वाटांवर ज्या त्या वारची मुलं. ग्रह आपल्या मागे लागलेला नाही, तो आपल्या वाटेने जातोय, हे मुलांना एकदा चालून कळलं की चुलीपाशी कुणी काहीही बोलो. एवढं झालं की आपण सुटलो, असं तिला वाटत होतं. आणि ते झालं नाही, तर इतकी वर्षं आपण नुसती पट्टी आपटली, असंही वाटत होतं.

विश्वस्तांचे प्रमुख ऊ कान सेइन. त्यांच्याकडे ती हलव्याचा डबा घेऊन गेली. त्यांनी आधी हलवा खाल्ला आणि मग अट घातली. "धावायचं नाही, ओरडायचं नाही, आणि पॅगोडा उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं. बाकी तुमचे ग्रह, तुम्ही बघा."

"एवढंच ना?" सयामा म्हणाली. पॅगोडा डाव्या हाताला ठेवून कुणी फिरेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ग्रह वाटताना मात्र तारांबळ उडाली. मंगळ, बुध, शुक्र सरळ होते. पण रविवारची पोरं रडकुंडीला आली, कारण त्यांचा सूर्य तर पॅगोडाच होता आणि तो हलणार नव्हता. पृथ्वीचा वार कुणाचाच नाही, म्हणून पृथ्वी त्यांना दिली. सोमवारच्यांनी चंद्र होऊन त्यांच्याभोवती गिरक्या घ्यायच्या. हे मिटतंय तोच यिन क्यी मावशी बाह्या सरसावून सयामाच्या दारात आली. तिचा नातू बुधवारी दुपारनंतरचा, म्हणजे राहूचा.

"माझ्या पोराला वाटच नाही म्हणे?"

"मावशी, राहू हा ग्रह नाही. चंद्र आणि सूर्याच्या वाटा आकाशात जिथे एकमेकींना छेदतात, त्या जागेला राहू म्हणतात."

"जागा? अगं, जन्मभर मी त्याला पाणी घातलं! मग ते पाणी कुठे गेलं?"

"गटारात," बा म्याइंग समोरून म्हणाला, आणि मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की तो छत्रीआड झाला.

शेवटी सयामानेच तोड काढली. शनीच्याही पलीकडे युरेनस आणि नेपच्यून हे दोन ग्रह मागाहून सापडले आहेत, त्यांना अजून कुणाचा वार चिकटलेला नाही, ते दोन्ही राहूवाल्यांनी घ्यावेत. एकाच्या बदल्यात दोन मिळाले म्हणून मावशी खुशीत घरी गेली.

घोडं अडलं ते शनीपाशी. सूर्याच्या जवळचा ग्रह जोरात जातो, लांबचा रमत-गमत, हा तर धड्याचा गाभा. पण शनिवारच्या पोरांना हळू चालता येईना. सरावात शनीने पृथ्वीला मागे टाकलं. मग सयामाने ठरवलं की शनी आपण स्वतःच व्हायचं. गुरूसाठीही कुणीतरी सावकाश चालणारं हवं होतं, म्हणून तिने गुडघे दुखणारा एक गुरुवारचा माणूस धरून आणला. बा म्याइंगने आढेवेढे घेऊन पाहिले, पण फार नाही. त्याला काम एकच होतं. शनीच्या थोडं मागून निघायचं, त्याला गाठायचं आणि मागे टाकून पुढे जायचं. "गुरू शनीच्या पुढे निघून जाताना पोरांना दिसलंच पाहिजे," सयामाने त्याला बजावलं. "ते हुकलं तर सगळा धडा हुकला."

धड्याला दोन दिवस उरले असताना थूझा आली. थूझा ही यांगूनहून नव्याने आलेली शिक्षिका, सयामाच्या जागी येणारी, गोड पोरगी. ती वर्गातल्या भिंतीवरचा तक्ता बघत राहिली. सयामाने तरुणपणी स्वतःच्या हाताने रंगवलेला तक्ता होता तो. दर वर्षी पोरं त्याची नक्कल वहीत उतरवायची.

"सयामा, राग मानू नका," थूझा दबकत म्हणाली, "पण हे बाण... पुस्तकात उलटे आहेत."

सयामाने नवं पुस्तक ओढून घेतलं. सगळे ग्रह डावीकडे वळत होते, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तिच्या तक्त्यावर सगळे उजवीकडे. जुन्या पुस्तकात बाण नव्हतेच, ते तिने मनाने घातले होते. जन्मापासून ज्या बाजूने पाय वळत आले, त्याच बाजूने हात वळला. आणि गंमत म्हणजे इतक्या वर्षांत एकाही पोराला, एकाही आईबापाला, दोन मुख्याध्यापकांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. प्रदक्षिणा अशीच तर घालतात! सयामाच्या पायाखालची जमीन सरकली. आख्खं गाव तिने उलटं शिकवलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि लगेच, "नको, सांग. सगळ्यांना सांग. नाहीतर मीच सांगते."

आता दोनच रस्ते होते. पोरांना नेहमीच्या बाजूने फिरवलं तर शेवटचा धडा चुकीचा. बरोबर फिरवलं तर पॅगोडा डाव्या हाताला. ऊ कान सेइन ऐकायचे नाहीत, आया पोरांना काखोटीला मारून घरी नेतील. तरी ती शनिवारची. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅगोड्यात वर्दळ नसताना ती गेली, चपला काढल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि उलटं चालायला लागली. म्हणजे लागणार होती. पाय उचलेचना. डोकं सांगत होतं की विज्ञान बरोबर आहे, आणि पाऊल म्हणत होतं, मला नको यात ओढू. दात-ओठ खाऊन ती कशीबशी चार पावलं गेली, तोच खांबाआडून यिन क्यी मावशी झाडू घेऊन निघाली.

"अगं बाई! पुण्य उसवत्येस की काय?"

"ग्रह असे फिरतात, मावशी."

"मग त्यांचं ते बघून घेतील. तू सरळ चाल."

सयामा सरळ चालत घरी गेली आणि तिथून बा म्याइंगच्या ओट्यापाशी खाली जाऊन बसली. ती रडली नाही, पण तिला रडू येत होतं, आणि ते त्याला समजलं. बायका चुलीपाशी जे बोलल्या ते खोटं पाडायला आपण उभ्या राहिलो आणि आपणच खोटं शिकवत बसलो, असं ती म्हणाली. त्याला त्यातलं अर्धंच कळलं. धड्याच्या दिवशी मिरवायला म्हणून त्याने एक भली थोरली पिवळी छत्री केली होती, वरून सगळे ग्रह रंगवलेले. ती त्याने उघडली आणि ओट्यावर उभा राहून तिच्या डोक्यावर धरली.

"हे बघ, मी फिरवतो तुझे ग्रह उलटे. झालं समाधान?"

तिने वर पाहिलं. उन्हात कापडातून ग्रहांचे ठिपके दिसत होते. "उलटे कुठे? सरळच फिरवतोयस."

"उलटेच फिरवतोय."

"सरळ!"

"अगं, हात माझा आहे! डावीकडे फिरवतोय मी."

"को म्याइंग, माझे डोळे शाबूत आहेत. उजवीकडे चाललेत ते!"

"इतकी हट्टी बाई जन्मात पाहिली नाही. वर येऊन बघ."

ती तणतणत ओट्यावर चढली आणि वरून पाहिलं. छत्री डावीकडे फिरत होती. ती खाली उतरली. उजवीकडे. पुन्हा वर. छत्रीवाल्याचा हात थांबला नव्हता, दिशाही बदलली नव्हती. समोरून जाणारा रिक्षावाला रिक्षा थांबवून बघायला लागला, कारण निवृत्तीला आलेली सयामा एका ओट्यावरून चढउतार करत होती आणि हसत होती, भर वर्गात हसली होती तशी.

थूझाचं पुस्तक तिने पुन्हा उघडलं. चित्राखाली बारीक अक्षरांत होतं की हे सूर्याच्या उत्तरेच्या बाजूने पाहिल्यास असं दिसतं. दक्षिणेच्या बाजूने पाहणाऱ्याला तेच ग्रह पॅगोड्यातल्या माणसांसारखे, उजव्या हाताने फिरताना दिसणार. तिचा तक्ता चुकला नव्हता. बरोबरही नव्हता, कारण कुठून बघायचं हे तिने कधी लिहिलंच नव्हतं. नुसत्या नशिबाने आपण वाचलो, हे ती थूझासमोर स्पष्ट बोलली, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात लाल रंगाने लिहून टाकलं: दक्षिणेकडून पाहताना.

ऊ कान सेइनना तिने सांगितलं की आपल्या आवारात दक्षिण डोक्यावर आणि उत्तर पायाखाली आहे. त्यांनी थोडा विचार केला. "पाय बरोबर बाजूने पडणार ना? मग उत्तर कुठे ठेवायची ती ठेवा."

धड्याच्या सकाळी सगळा मोहल्ला लोटला. फरशी तापायच्या आत उरकायचं होतं. सयामाने आधी छत्री दाखवली, वरून आणि खालून. मुलं आळीपाळीने आत शिरली, बाहेर आली, किंचाळली, दटावली गेली. "म्हणजे कुणीच उलटं जात नाही," ती म्हणाली, "आपण कुठे उभे आहोत ते आधी सांगायचं असतं." मग घंटा वाजली आणि सगळे निघाले.

बुधाची पोरं न धावता जेवढं धावता येईल तेवढी धावली. शुक्र तालात, पृथ्वी गप्पा मारत, तिच्याभोवती सोमवारची पोरं गरगरत. मंगळ सारखा मागे पडून चिडत होता. पलीकडे राहूवाला नातू दोन ग्रहांच्या मधोमध एकटाच राजासारखा उभा होता, कारण त्याला म्हटलं होतं की तू हललास तरी कुणाला कळणार नाही. लोक आधी हसले, मग बोटं दाखवायला लागले, मग टाचा उंचावून बघत राहिले. कारण आता ते दिसत होतं. जो जवळ तो घाईत, जो लांब तो निवांत, आणि कुणीच कुणाच्या वाटेवर येत नव्हतं, कुणीच कुणाच्या मागे लागलेलं नव्हतं. यिन क्यी मावशी शेजारणीला म्हणाली, "अगं, या शनीला काय आपल्या वाट्या फोडायला वेळ आहे!" सयामाने ते ऐकलं. तिचे डोळे भरून आले आणि ती एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत राहिली, शनीला शोभेल इतकं हळू.

मागून गुरू येत होता. आतल्या वाटेवरून, गुडघे सांभाळत, डोक्यावर ती पिवळी छत्री धरून. थूझाने सांगून ठेवलं होतं, आता बघा, गुरू शनीला मागे टाकेल. तो जवळ आला. अगदी शेजारी आला. आणि त्याची चाल मंदावली.

"जा ना पुढे," सयामा समोर बघत पुटपुटली.

तो तसाच चालत राहिला, तिच्या पावलाला पाऊल लावून.

"को म्याइंग, धडा बिघडतोय. तुला वेग जास्त आहे. पुढे हो."

"एकदा गेलो होतो पुढे," बा म्याइंग म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आईचं ऐकून गेलो. तोंड उघडलं नाही मी. आता नाही जात."

तिने त्याच्याकडे पाहिलं. छत्रीची अर्धी सावली त्याने तिच्या वाटेवर सरकवली होती आणि तो स्वतः उन्हात होता, कपाळावर घाम, चेहरा पार घाबरलेला. इतक्या वर्षांचा राखून ठेवलेला राग तिने मनात शोधला. तो होता, पण थोडाच उरला होता.

बुधाची पोरं धापा टाकत बाजूने निघाली. त्यातल्या एकीने मान वळवून ओरडून विचारलं, "सयामा! गुरू पुढे जातच नाहीये! हे चूक आहे ना?"

सगळं आवार ऐकत होतं. थूझा ऐकत होती.

"चूक आहे," सयामा म्हणाली. "साफ चूक आहे. राहू दे."